तेरेझिन: मुलांनी सांगितलेले गाव

तेरेझिन नुसते डोळ्यांनी पाहणाऱ्याला फसवते. प्रागच्या उत्तरेला साठेक किलोमीटरवरचे हे गाव. काटकोनात आखलेले सरळ रस्ते, मधोमध मोठा चौक, चौकात गवत आणि झाडे, एका अंगाला चर्च आणि चहूकडे फिकट पिवळ्या रंगाच्या लांबच लांब इमारती. बसमधून उतरल्यावर वाटते, इथे कधी काही घडलेच नसावे. 23 जून 1944 रोजी आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचा एक प्रतिनिधी आणि डेन्मार्कचे दोन अधिकारी याच चौकातून फिरले. नाझींच्या कैदेतल्या इथल्या ज्यूंचे बरे चालले आहे, असे रेडक्रॉसच्या त्या पाहुण्याने परतल्यावर अहवालात लिहिले. म्हणून हे गाव फिरायचे ते तेव्हा इथे लहानपणी कोंडल्या गेलेल्या आणि जिवंत राहिलेल्या माणसांच्या आठवणींचे बोट धरून. मी तसेच फिरले, आणि जाणाऱ्या प्रत्येकाला तसेच सांगेन.

त्याआधी प्रागमध्ये दोन ठिकाणे पाहून घेतली. पहिले मुख्य रेल्वे स्थानक. एक नंबरच्या फलाटावर चष्मा लावलेल्या एका माणसाचा पुतळा आहे. कडेवर मुलगा, शेजारी एक मुलगी, जवळ सुटकेस. हा लंडनचा शेअर दलाल निकोलस विंटन. 1938 च्या अखेरीस तो प्रागला आला आणि युद्धाला तोंड फुटेपर्यंत त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी 669 मुले ब्रिटनला सुखरूप पोहोचवली. त्यांतली बहुतेक ज्यू होती. आणखी एक गाडी 1 सप्टेंबर 1939 रोजी सुटायची होती, यादीत 250 मुले होती. त्याच दिवशी जर्मनीने पोलंडवर हल्ला केला आणि गाडी फलाटावरच राहिली. जी मुले आधीच्या गाड्यांतून गेली, त्यांच्या म्हातारपणीच्या आठवणींत एक चित्र वारंवार येते. खिडकीबाहेर आईवडील हसण्याचा प्रयत्न करत उभे आहेत आणि आम्हीही लवकरच येतो म्हणत आहेत. बहुतेकांना ते पुन्हा दिसले नाहीत.

दुसरे ठिकाण जुन्या ज्यू वस्तीतले पिंकास सिनेगॉग. आत मूर्ती नाही, चित्र नाही, फक्त भिंती आणि भिंतींवर बारीक अक्षरांत हाताने लिहिलेली नावे. चेक प्रांतांतल्या जवळजवळ 80 हजार ज्यूंची. नाव, जन्मतारीख, आणि माणूस जिवंत असल्याचा जो शेवटचा पुरावा सापडला त्याची तारीख. ही नावे पहिल्यांदा 1950 च्या दशकात लिहिली गेली. 1968 मध्ये ओल आली म्हणून इमारत बंद झाली, ती वीसेक वर्षे बंदच राहिली, आणि नावे गेली. कम्युनिस्ट राजवट कोसळल्यावर 1990 च्या दशकात ती सगळी पुन्हा, एकेक करून लिहिली. वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या मुलांनी काढलेली चित्रे लावली आहेत. घर, जेवणाच्या टेबलाभोवती बसलेले कुटुंब, बाग, फुलपाखरे. कोपऱ्यात मुलाचे नाव, खाली संग्रहालयाने लिहिलेल्या तारखा. किती चित्रांखाली 1944 हेच शेवटचे साल आहे, ते पाहता पाहता मी मोजणे सोडून दिले.

दुसऱ्या दिवशी होलेशोव्हित्से स्थानकावरून तेरेझिनची बस पकडली. तासाभराचा रस्ता. बस आज थेट गावात नेऊन सोडते. 1941-42 मध्ये आलेल्यांना बोहुशोव्हित्से नावाच्या स्टेशनवर उतरवत आणि तिथून सामान घेऊन सुमारे तीन किलोमीटर चालवत. माणशी 50 किलो सामानाची मुभा होती. गळ्यात नंबराची चिठ्ठी. पुढे कैद्यांकडूनच गावापर्यंत रूळ टाकून घेतले आणि जून 1943 पासून गाड्या थेट गावात येऊ लागल्या. त्या रुळांचा एक तुकडा रस्त्यात अजून आहे.

गाव मुळात किल्ला. 1780 मध्ये सम्राट दुसरा योसेफ याने तो प्रशियाच्या भीतीने बांधायला घेतला आणि आई मारिया तेरेझा हिचे नाव दिले. खंदक, तट, बराकी सगळे आयते मिळाल्यामुळे नाझींनी नोव्हेंबर 1941 मध्ये इथे ज्यूंसाठी घेट्टो उभे केले आणि मूळच्या रहिवाशांना हलवले. युद्धापूर्वी सैनिक धरून सातेक हजार लोक राहत होते, तिथे सप्टेंबर 1942 मध्ये 58 हजार माणसे कोंबली होती. युद्ध संपेपर्यंत सुमारे 1 लाख 40 हजार ज्यूंना इथे आणले. सुमारे 33 हजार इथेच भुकेने आणि रोगराईने गेले, आणि 88 हजारांच्या आसपास माणसे पुढे पूर्वेकडे, मुख्यतः ऑशविट्झला पाठवली गेली.

सहलीच्या बसगाड्या बऱ्याचदा नदीपलीकडच्या लहान किल्ल्यावर थांबतात. तो गेस्टापोचा तुरुंग, मुख्यतः राजकीय कैद्यांचा. पहिल्या महायुद्धाची ठिणगी टाकणारा गाव्रिलो प्रिन्सिप त्याआधी तिथेच कैदेत होता. पाहावा जरूर, पण तेवढेच पाहून परतणाऱ्यांना घेट्टो दिसलेलेच नसते. घेट्टो म्हणजे हे गावच.

चौकाच्या कडेला एल 417 ही इमारत. पूर्वीची शाळा, घेट्टोच्या काळात मुलांचे वसतिगृह, आज घेट्टो संग्रहालय. युद्धानंतर हे संग्रहालय लगेच झाले नाही. कम्युनिस्ट राजवटीला इथल्या ज्यूंची वेगळी आठवण नकोशी होती, आणि याच इमारतीत पोलीस दलाचे संग्रहालय थाटले गेले. घेट्टो संग्रहालय उघडले ते 1991 मध्ये. इथे वाढलेली मुले तोवर पन्नाशी-साठीला आली होती. ज्यांनी बोलायचे त्यांचे अर्धे आयुष्य गप्प राहण्यात गेले, ही गोष्ट मला फार लागली. तळमजल्यावरच्या एका दालनाच्या भिंतींवर मृत मुलांची नावे आहेत.

मोठ्या माणसांना बराकींत ठेवत, आणि बऱ्याच मुलांसाठी घेट्टोच्या ज्यू प्रशासनाने वेगळी घरे काढली. एका खोलीत तीन मजली लाकडी बाकडी आणि चाळीसभर मुले. शिकवायला बंदी होती. गाणी, हस्तकला चालत. मग शिक्षक गाण्याच्या नावाखाली गणित आणि इतिहास शिकवत आणि एक मूल दारापाशी पहारा करी. एल 417 मधल्या पहिल्या क्रमांकाच्या खोलीचे प्रमुख होते वाल्टर आयसिंगर नावाचे तरुण शिक्षक. त्यांच्या पोरांनी खोलीचे स्वतंत्र प्रजासत्ताक जाहीर केले आणि ‘वेदेम’ नावाचे साप्ताहिक काढले. प्रत एकच. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांना वाचून दाखवायची. संपादक होता पेत्र गिन्झ, वय चौदा. लेख मिळवण्यासाठी घरून आलेल्या खाऊतला वाटा तो मित्रांना देई, आणि तरी लेख आले नाहीत तर टोपणनावाने स्वतःच लिही. डिसेंबर 1942 पासून 1944 पर्यंत सुमारे 800 पाने झाली. कविता, विनोद, आणि घेट्टोतल्या ठिकाणांचे फिरून लिहिलेले वृत्तान्त. शवागाराचासुद्धा. एका प्रतीच्या साप्ताहिकासाठी इतकी मेहनत करणारे संपादक मराठीतल्या अनियतकालिकांच्या वाचकांना परके वाटणार नाहीत. सगळे मित्र पाठवले गेल्यावर झ्देन्येक ताउसिग हा मुलगा मागे राहिला. त्याने ही पाने लपवून ठेवली आणि मुक्ततेनंतर प्रागला नेली.

पेत्रने काढलेले एक चित्र आहे. चंद्रावर उभे राहून पृथ्वी कशी दिसेल त्याचे. इस्रायलचे पहिले अंतराळवीर इलान रामोन यांची आई ऑशविट्झमधून वाचलेली. रामोन यांनी या चित्राची प्रत 2003 च्या जानेवारीत कोलंबिया यानातून बरोबर नेली. त्याच यानात आपली कल्पना चावला होती. 1 फेब्रुवारी 2003 रोजी परतीच्या वाटेवर यान फुटले, सातही जण गेले. पेत्रचा जन्म 1 फेब्रुवारी 1928 चा. तो असता तर त्या दिवशी 75 वर्षांचा झाला असता. त्या बातम्यांत त्याचे नाव ऐकून प्रागमधल्या एका माणसाला आपल्याकडच्या माळ्यावर सापडलेल्या जुन्या वह्या आठवल्या. तेरेझिनला येण्याआधीची पेत्रची डायरी त्यांत होती. त्याची धाकटी बहीण एव्हा, पुढची खावा प्रेसबर्गर, इस्रायलमध्ये होती. तिने ती डायरी प्रसिद्ध केली. आपल्या घरी 1 फेब्रुवारीला कल्पनाची आठवण निघते, तेव्हा या मुलाचीही निघावी.

शेजारीच एल 410, मुलींचे घर. इथे व्हिएन्नाची चित्रकार फ्रीडल डिकर-ब्रांडाइस चित्रे शिकवी. ती जर्मनीतल्या बाउहाउस या नामांकित कलाशाळेत शिकलेली. 1942 च्या डिसेंबरात ती इथे आली. रंग, खडू, कागद काहीच नसे. जुन्या फॉर्मच्या पाठकोऱ्या बाजूंवर मुले काढत. प्रत्येक चित्रावर नाव घालायचे, हा तिचा आग्रह. त्या आग्रहामुळेच ती चित्रे आज कुणाची ते सांगता येते. नवऱ्याला पूर्वेकडे पाठवल्यावर तिने स्वतःहून मागून जायची तयारी दाखवली. जाताना मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रे दोन सुटकेसमध्ये भरून मागे ठेवली. ऑक्टोबर 1944 मध्ये ती ऑशविट्झला मारली गेली. नवरा वाचला. सुटकेस युद्धानंतर प्रागच्या ज्यू मंडळीकडे पोहोचल्या, आणि पिंकास सिनेगॉगमध्ये मी पाहिलेली चित्रे त्यांतलीच.

हेल्गा वाइसोव्हा फ्रीडलची विद्यार्थिनी म्हणून ओळखली जात नाही, तिला चित्रकलेची दिशा दिली वडिलांनी. ती डिसेंबर 1941 मध्ये बारा वर्षांची असताना इथे आली. पुरुषांना वेगळे ठेवत. तिने हिममानव करणाऱ्या दोन मुलांचे चित्र काढून वडिलांकडे चोरून पाठवले, तेव्हा उलट निरोप आला की जे दिसते ते काढ. मग तिने शंभरएक चित्रे काढली. जेवणाची रांग, बाकड्यांवरची माणसे, आणि स्वयंपाकघराबाहेर टाकलेल्या सालींत हात घालणारे म्हातारे. या शेवटच्या चित्रापाशी थांबायला हवे. मुले जगली तर पुढे काही आहे, असे ठरवून घेट्टोच्या ज्यू प्रशासनाने मुलांना आणि कष्टाची कामे करणाऱ्यांना थोडे जास्त अन्न दिले. ते आले वृद्धांच्या वाट्यातून. 1942 च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात वृद्ध हजारोंनी मेले. वाचलेल्या मुलांनी हे सांगताना लपवले नाही. आपण कुणाच्या घासावर वाढलो, हे त्यांना त्याच वयात दिसत होते. या आठवणींवर माझा विश्वास बसतो तो अशा जागी. हेल्गाची चित्रे आणि डायरी तिच्या काकांनी भिंतीत चिणून ठेवली. ती स्वतः आईबरोबर ऑशविट्झ, फ्रायबर्ग आणि माउटहाउझेन या तीनही छावण्यांतून जिवंत परतली, प्रागमध्ये ज्या घरात जन्मली त्याच घरात राहिली आणि चित्रकार झाली. वडील परतले नाहीत.

मुलींच्या याच घरात हाना ब्रेडी होती, आणि तिचा भाऊ यिर्झी पलीकडे ‘वेदेम’वाल्यांच्या खोलीत. दोघे मोरावियातल्या एका लहान गावातले. आईवडिलांना आधीच नेलेले. भाऊ सप्टेंबर 1944 मध्ये गेला, हाना महिन्याभराने. आपण दादाला भेटणार म्हणून ती नीटनेटकी होऊन निघाली, असे तिच्याबरोबरच्या मुलींनी पुढे सांगितले. ऑशविट्झला पोहोचताच ती मारली गेली, वय तेरा. 2000 मध्ये टोकियोतल्या एका छोट्या शिक्षण केंद्राने मुलांना दाखवण्यासाठी ऑशविट्झ संग्रहालयाकडून काही वस्तू मागवल्या, त्यांत हानाच्या नावाची सुटकेस होती. ही कोण, असे जपानी मुले विचारत राहिली. तेव्हा केंद्राच्या संचालिका फुमिको इशिओका उत्तर शोधत तेरेझिनला आल्या. इथल्या याद्यांत हानाच्या नावाजवळ तिच्या भावाचे नाव सापडले, आणि त्याच्यापुढे तो वाचल्याची खूण. त्याच्याबरोबर एका बाकड्यावर झोपणारा कुर्ट कोटौच प्रागमध्ये होता. त्याने पत्ता दिला टोरांटोचा. जॉर्ज ब्रेडी या नावाने तिथे सत्तरी ओलांडलेला तो भाऊ पुढे टोकियोला गेला आणि शाळकरी मुलांना आपल्या बहिणीचे सांगत राहिला. 2019 मध्ये तो वारला.

ऑगस्ट 1943 मध्ये पोलंडमधल्या बियालिस्तोकहून सुमारे 1,200 मुले तेरेझिनला आणली. त्यांच्याशी बोलायला सक्त मनाई होती, पण इथल्या मुलांनी खिडकीआडून पाहिले. अंगावर चिंध्या, पाय उघडे, आणि आंघोळीला नेताच ती किंचाळून मागे हटत होती. तोंडी एकच शब्द, गॅस. तेरेझिनच्या बहुतेकांना तोवर त्याचा अर्थ कळत नव्हता. सहा आठवड्यांनी त्या मुलांना ऑशविट्झला पाठवले. त्यांची काळजी घ्यायला जी मोठी माणसे सोबत गेली, त्यांत ओटला होती, फ्रान्झ काफ्काची लाडकी बहीण. कोणी परतले नाही.

मॅग्डेबर्ग बराकीत मुलांचा एक ऑपेरा चाले, ‘ब्रुंडीबार’. संगीत हान्स क्रासा यांचे, ते स्वतः इथे कैदी. दोन भावंडे आजारी आईसाठी दूध आणायला पैसे हवेत म्हणून बाजारात गातात, दुष्ट बाजावाला त्यांना हुसकतो, आणि गल्लीतली मुले, चिमणी, मांजर, कुत्रा मिळून त्याला हरवतात. सप्टेंबर 1943 पासून 55 प्रयोग झाले. मांजर झालेली एला वाइसबर्गर अमेरिकेत नव्वदीजवळ जाईपर्यंत जगभर हे सांगत फिरली. प्रयोगापुरता छातीवरचा पिवळा तारा काढता येई, हे तिला सर्वांत जास्त आठवे. पाठवणीच्या गाड्या जात राहिल्या, तशी भूमिका करणारी मुले बदलत गेली.

रेडक्रॉसच्या भेटीआधी घेट्टो सजवले गेले. घरांना रंग, चौकात गुलाब, बागेत बाके, मुलांना खेळायला मंडप. गर्दी कमी दिसावी म्हणून मे 1944 मध्ये सुमारे साडेसात हजार माणसे ऑशविट्झला रवाना केली. पाहुण्यांसमोर मुलांनी काय म्हणायचे तेही पढवले होते, असे वाचलेले सांगतात: राम काका, आज पुन्हा सार्डिनच का? राम हे घेट्टोच्या नाझी प्रमुखाचे आडनाव. पाहुण्यांना ‘ब्रुंडीबार’ही दाखवले. त्याच उन्हाळ्यात प्रचाराचा चित्रपट काढला, त्यातही ती गाणारी मुले आहेत. काम झाल्यावर 28 सप्टेंबर ते 28 ऑक्टोबर 1944 या एका महिन्यात अकरा गाड्यांतून 18 हजारांवर माणसे ऑशविट्झला गेली. पेत्र, आयसिंगर, फ्रीडल, हाना, यिर्झी, हेल्गा, क्रासा, सगळे याच गाड्यांत. त्या चित्रपटातली काही मिनिटे संग्रहालयात दाखवतात. टाळ्या वाजवणारी, गाणारी मुले पडद्यावर खरोखर आनंदात दिसतात. एलाच्या आठवणी ऐकल्याशिवाय तो आनंद कुठून आला आणि चित्रपट कशासाठी काढला, या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत.

दुपारी नदीकाठापर्यंत चालत गेले. वाटेत दफनभूमी आणि शवदाहगृह. मृतांची रक्षा पुठ्ठ्याच्या डब्यांत, नावासकट, ठेवली जाई. हरलो तर पुरावा राहील म्हणून नाझींनी नोव्हेंबर 1944 मध्ये 22 हजारांच्या आसपास मृतांची रक्षा ओहर्झे नदीत ओतली. डबे हातोहात पुढे द्यायला कैद्यांची साखळी लावली, तिच्यात मुलेही होती. डब्यांवरची नावे वाचत वाचत ती पुढे देत होती. काठावर आता एक स्मारक आहे. 8 मे 1945 रोजी सोव्हिएत फौजा तेरेझिनला पोहोचल्या, तेव्हा गावात टायफसची साथ होती, आणि मुक्त झालेल्यांपैकीही अनेक जण पुढच्या आठवड्यांत मेले.

प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट अशा सहलीला जाणाऱ्यांनी तेरेझिनसाठी पूर्ण दिवस काढावा. अर्धा दिवस पुरत नाही. सुरुवात एल 417 पासून करावी, मग मॅग्डेबर्ग बराक, रूळ, शवदाहगृह, आणि वेळ उरला तर लहान किल्ला. आदल्या दिवशी पिंकास सिनेगॉग. मोठी मुले बरोबर असतील तर त्यांनाही न्यावे, कारण इथे बोलणारे त्यांच्याच वयाचे होते. निघण्याआधी पेत्रची किंवा हेल्गाची डायरी वाचावी, दोन्ही इंग्रजीत मिळतात. जाणे जमणार नसेल तरी वाचलेल्यांच्या मुलाखती ध्वनिचित्रमुद्रित आहेत आणि घरबसल्या पाहता येतात. तेव्हाची मुले आज नव्वदीच्या आसपास किंवा पुढे आहेत, आणि समोर बसून सांगणारी फार थोडी उरली आहेत. त्यांतली एक तरी मुलाखत शेवटपर्यंत ऐका.